उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती कसा असावा?

(महाड तालुक्यातील एका बुद्धविहारात वर्षावासाच्या काळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोर्टाची पायरी चढणारा प्रत्येक पक्षकार आपल्या वकिलाला एक प्रश्न हटकून विचारतो. त्याला दाव्याचा क्रमांक ठाऊक नसतो, कलमही ठाऊक नसते, परंतु बाकावर टेकण्यापूर्वीच तो विचारतो, "वकीलसाहेब, जज्ज कसे आहेत?" आम्ही म्हणतो, "चांगले आहेत." मग त्याचा जीव भांड्यात पडतो. त्याने नेमके काय विचारले आणि आम्ही नेमके काय सांगितले, याचा विचार मात्र दोघांपैकी एकानेही केलेला नसतो. त्याच्या मनात 'चांगला' म्हणजे 'आपल्या बाजूचा'. आमच्या मनात 'चांगला' म्हणजे 'वकिलावर डाफरत नाही असा'. आज मला या एका शब्दाचा हिशेब तुमच्यापुढे मांडावयाचा आहे.

तुम्ही म्हणाल, न्यायमूर्ती निवडणे आमच्या हाती कोठे आहे? आमदार आम्ही निवडतो, सरपंच आम्ही निवडतो. न्यायमूर्तीसाठी कोणी आमच्या दारी मत मागावयास येत नाही. हे खरे आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आपल्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह नावे सुचवितात. ती राज्य सरकारकडून केंद्राकडे व सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे जातात आणि शेवटी राष्ट्रपतींच्या सहीने नेमणूक होते. या सगळ्या प्रवासात महाड, माणगाव, म्हसळा येथील एकाही बौद्ध कुटुंबाला कोणी काही विचारीत नाही. तथापि ज्या वस्तूची पारख आपल्याला नाही, ती खोटी मिळाली तर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावयाची? शिवाय उद्या तुमच्याच घरातील मुलगी कायद्याचे शिक्षण घेऊन त्या आसनापर्यंत जाणार आहे. तिला काय शिकवावयाचे, हे आज ठरले पाहिजे.

प्रथम संविधान काय म्हणते ते पाहू. अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश भारताचा नागरिक असावा आणि त्याने दहा वर्षे न्यायिक पद भूषविलेले असावे किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्याने निवृत्त व्हावे. झाले, संपले! शील, प्रज्ञा, करुणा यांपैकी एकही शब्द त्या अनुच्छेदात नाही. संविधानकारांना त्याचे महत्त्व कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण गुण कलमात लिहून येत नाहीत. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की, सरन्यायाधीश हे कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच आहेत. सामान्य माणसाच्या ठिकाणी असणारे दोष, भावना आणि पूर्वग्रह त्यांच्याही ठिकाणी असतात. म्हणून नेमणुकीचा अंतिम अधिकार एकट्या सरन्यायाधीशांच्या हाती देण्यास त्यांची तयारी नव्हती. पुढे १९९३ व १९९८ च्या निर्णयांनी तो अधिकार बव्हंशी न्यायमूर्तींच्याच मंडळाकडे गेला, आणि तो बदलण्यासाठी संसदेने केलेली योजना २०१५ साली रद्द ठरली. यातले योग्य काय नि अयोग्य काय, हा एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आज मला बाबासाहेबांच्या त्या एका शब्दाशी कर्तव्य आहे. तो शब्द म्हणजे पूर्वग्रह.

आसनावर बसण्यापूर्वी न्यायमूर्ती शपथ घेतो. आपले कर्तव्य आपण निर्भयपणे, कोणावर मेहेरनजर न करता, कोणाविषयी ममत्व वा आकस न बाळगता करू, असे तो म्हणतो. आता तुमच्यापैकी ज्यांनी सिगालोवाद सुत्त ऐकले आहे, त्यांना हे शब्द ओळखीचे वाटले पाहिजेत. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसालाच, चार अगती सांगितल्या. माणूस वाकड्या वाटेने का जातो? छंदामुळे, म्हणजे आवडीच्या पक्षपातामुळे, दोसामुळे, म्हणजे द्वेषामुळे, भयामुळे, आणि मोहामुळे. शपथेतील शब्द आणि या अगती शेजारी शेजारी ठेवून पाहा. भय आले, ममत्व आले, आकस आला. परंतु मोह? त्याचे नाव शपथेत नाही.

मोह म्हणजे पैशाचा लोभ असा अर्थ येथे घेऊ नका. मोह म्हणजे अंधार. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हेच माहीत नसणे, याचे नाव मोह. लाच न घेणारा, मंत्र्याला न भिणारा, कोणाचा द्वेष न करणारा, इंग्रजी आणि कायदा मुखोद्गत असणारा न्यायमूर्तीसुद्धा या अंधारात बसलेला असू शकतो. आणि तो स्वतःला निःपक्षपाती समजत असल्यामुळे त्याला दिवा लावण्याची गरजही वाटत नाही. माझे म्हणणे असे की, आपल्या समाजाचे न्यायालयात जे नुकसान झाले, त्यातील मोठा भाग लाचेमुळे किंवा उघड द्वेषामुळे झाला नाही. तो या चौथ्या अगतीमुळे झाला आहे.

याचा पुरावा पाहण्यासाठी दूर जावयास नको. या विहारापासून जवळच चवदार तळे आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, बाबासाहेबांनी ओंजळीने घेतलेले पाणी, नंतर परिषदेच्या लोकांवर झालेला हल्ला, पंचगव्याने केलेले तळ्याचे शुद्धीकरण, हे सर्व तुम्हांस पाठ आहे. परंतु त्यानंतर जो खटला सव्वानऊ वर्षे चालला, त्याची कथा आपण मुलांना सांगत नाही, याचे मला वकील म्हणून वाईट वाटते.

मुंबई विधिमंडळाने बोल्यांच्या ठरावाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचे ठरविले होते, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याप्रमाणे ठरावही केला होता. सत्याग्रहानंतर तो ठराव नगरपालिकेने मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरणार, तोच काही सवर्ण गृहस्थांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडास आले, तेव्हा हजारो लोक तळ्यावर जाण्यास सिद्ध होते. मनुस्मृतीचे दहन झाले; पण तळ्यावर कोणी गेले नाही. कोर्टाच्या हुकुमाचा मान राखून सत्याग्रह स्थगित करण्यात आला. ओठाशी आलेले पाणी ज्या समाजाने न्यायालयाच्या एका शब्दाखातर थांबविले, त्या समाजाला न्यायाधीश कसा असावा हे विचारण्याचा अधिकार नसेल, तर तो कोणाला आहे?

फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाईहुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला. महाडच्या न्यायाधीशांनी म्हटले की, अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी न घेण्याची बरीच जुनी वहिवाट दिसते खरी. परंतु एका वर्गाने पाणी वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याला अडविण्याचा हक्क मिळत नाही. वादी अपिलात ठाण्यास गेले. तेथे १९३३ मध्ये ते हरले, कारण वहिवाट अनादि काळापासूनची आहे हेच सिद्ध झाले नाही. मग ते मुंबई उच्च न्यायालयात आले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी ते अपील खर्चासह फेटाळले. त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हेही लक्षात ठेवा. प्रतिवादी म्हणून ज्याचे नाव त्या दाव्यात होते, तोच पुरुष इलाख्याच्या भावी वकिलांना कायदा शिकवीत होता.

आता हे ब्रूमफील्ड कोण? १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस सेशन्स जज्ज म्हणून गांधीजींना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच हे गृहस्थ. शिक्षा देताना त्यांनी आरोपीविषयी आदर व्यक्त केला होता आणि पुढे सरकारने शिक्षा कमी केली तर आपल्यापेक्षा अधिक आनंद दुसऱ्या कोणास होणार नाही, असे म्हटले होते. ते समाजसुधारक नव्हते. चवदार तळ्याच्या निकालपत्रात अस्पृश्यतेवर कोरडे ओढणारे एक वाक्यही तुम्हांला सापडणार नाही. आपल्या काही तरुणांना हे निकालपत्र वाचून निराशा वाटते, ती याचसाठी. ते म्हणतात, यात क्रांती कोठे आहे?

मी त्यांना सांगतो, ते निकालपत्र सावकाश वाचा. वादींच्या वकिलांच्या हाती एक जबरदस्त हत्यार होते. देवळांच्या खटल्यांत न्यायालयांनी जुनी वहिवाट मानून खालच्या मानलेल्या जातींना प्रवेश नाकारला होता. मद्रास इलाख्यातील कमुदीच्या देवळाच्या बाबतीत १९०८ साली खुद्द प्रिव्ही कौन्सिलने तसा निकाल दिलेला होता. देवळाला लागू तेच तळ्याला लागू, असे म्हणण्यास एखाद्या आळशी न्यायमूर्तीला काय वेळ लागला असता? ब्रूमफील्ड यांनी तसे केले नाही. त्यांनी तळे पाहिले. म्हणजे पुराव्यातून पाहिले. चार-पाच एकरांचे हे पाणी, ते पावसाचे आणि काही झऱ्यांचे. सभोवती नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे सवर्णांची आणि काही थोडी मुसलमानांची घरे. तळे निदान अडीचशे वर्षांचे, पण कोणी व कसे केले याचा पुरावा नाही. देऊळ कोणा एका वर्गाच्या पूजेसाठी अर्पण केलेले असू शकते; तेथे दीर्घ वहिवाटीवरून तसे अनुमान काढता येईल. पाण्याच्या बाबतीत तसे अनुमान कशावरून काढावयाचे? हा भेद त्यांनी केला आणि अडविणाऱ्याने आपला हक्क सिद्ध करावा, तहानलेल्याने नव्हे, असा दाव्याचा तोल राखला.

येथे मोह कोठे होता आणि तो कसा टळला, हे नीट समजून घ्या. "ते लोक कधीच या तळ्यावर येत नव्हते" ही गोष्ट खरीच होती. मोहात असलेला न्यायाधीश त्या न येण्याला संमती समजला असता. येत नव्हते, म्हणजे त्यांना मान्य होते. मान्य होते, म्हणजे रूढी होती. रूढी होती, म्हणजे कायदा होता. माणूस का आला नाही, हा प्रश्न जो विचारीत नाही, त्याच्या हातून अन्याय होण्यास दुष्टपणाची गरजच राहत नाही.

अर्थात् त्या निकालात माझ्या मते एक उणीवही आहे. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताच्या विरुद्ध म्हणून टाकून देता आली असती काय, हा प्रश्न न्यायमूर्तींनी मोकळा ठेवला. जेवढे लागते तेवढेच बोलावे, हा न्यायासनाचा संयम मी मानतो; पण आपल्या आजोबांच्या तहानेचा प्रश्न केवळ वादींचा पुरावा तोकडा पडला म्हणून सुटला, ही बोच राहते. तिचे उत्तर तेरा वर्षांनी संविधानाने दिले. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांचा नामनिर्देश आहे आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ वाचताना मला तरी प्रत्येक वेळी चवदार तळेच दिसते.

संविधान आले, कायदे आले. मग मोह गेला काय?

एक अनुभव सांगतो. नावे, गाव, न्यायालय यांतले काहीच सांगणार नाही. सांगण्याची गरजही नाही. खाडीपलीकडच्या एका गावातील कुटुंबाने दीक्षा घेतली. त्यानंतरच्या शिमग्यात पालखीपुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काम करण्यास त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्याच रात्री घरातल्या थोरल्या मुलाला मारहाण झाली, आईला जातीवरून बोलले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानातून मीठसुद्धा मिळेना. २०१५ च्या दुरुस्तीने असा सामाजिक व आर्थिक बहिष्कार अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. फिर्याद झाली, पण ती सहाव्या दिवशी झाली. एका न्यायासनापुढे आरोपींचे वकील म्हणाले, सहा दिवस बसून रचलेली ही कहाणी आहे. न्यायासनाने त्या माऊलीकडे पाहिले आणि विचारले, "बाई, पोलीस ठाणे तर अवघे नऊ मैलांवर. सहा दिवस काय करीत होता?" तिला उत्तर सुचले नाही. ती वकील नव्हती. आरोपींना अटकपूर्व जामीन मिळाला, आणि आदेशात तो 'न खुलासलेला विलंब' म्हणून नोंदला गेला. त्या न्यायाधीशांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही.

पुढे उच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी निघाली. तेथे आसनावर एक न्यायमूर्ती बाई होत्या. विलंबाचा मुद्दा निघताच त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मला विचारले, "या गावातून ठाण्यापर्यंत माणूस जातो कसा?" मी सांगितले: खाडीवर तर आहे, ती आरोपीच्या चुलत्याची, तरीतून उतरल्यावर फाट्यावर एस.टी. मिळते, तिची वाट आरोपींच्या आळीतून जाते. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून आहे, आणि मुलाच्या पायाला मार होता. "आणि सहाव्या दिवशी ते कसे गेले?" तालुक्याच्या गावाहून बहिणीचा नवरा होडी घेऊन आला तेव्हा, मी म्हणालो. बाईंनी मान हलविली आणि लघुलेखकाला ते सगळे टिपून घ्यावयास सांगितले. नऊ मैलांचे अंतर खालच्या न्यायासनाने नकाशावर मोजले होते. या बाईंनी ते त्या माऊलीच्या पायांनी मोजले. जामीन रद्द झाला. खटला अजून चालू आहे आणि त्याचा निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. या बाईंचे कूळ, जात, धर्म मला ठाऊक नाही, मी विचारलेले नाही.

तुम्ही म्हणाल, ही एका गावची गोष्ट झाली. मग भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावाच्या जमावाने हत्या केली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. फाशी हवी होती की नको, यावर आपल्यातही दोन मते आहेत, आणि बुद्धाच्या अनुयायांत ती असावीत हे योग्यच आहे. माझे दुखणे निराळे आहे. हा गुन्हा जातीमुळे घडलेला नसून सूडातून घडला, आणि म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, ही भूमिका दोन्ही न्यायालयांनी घेतली. सूड होता हे मान्य. पण एका कुटुंबावर गाव चालून जाते, आणि आपल्याला कोणी विचारणार नाही अशी त्याला खात्री असते; ती खात्री कोठून येते? हा प्रश्न त्या कागदपत्रांत विचारला गेला नाही. जेथे सूड दिसला तेथे जात दिसली नाही, जणू एका घरात दोघांनी राहूच नये!

आणखी एक तारीख सांगतो. ती ऐकून तुम्ही चमकाल. २० मार्च. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या त्याच दिवशी, २०१८ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गैरवापर होतो असे म्हणून अटकेपूर्वी परवानगीची आणि गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट घातली. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेच ते निर्देश मागे घेतले. अनुसूचित जाती-जमातींचे लोक खोट्या फिर्यादी करतात असे गृहीत धरणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, अशा आशयाचे विवेचन त्यात आहे. आपली चूक आपल्याच लेखणीने दुरुस्त करणे हाही न्यायमूर्तीचा गुण आहे, आणि तो दुर्मीळ आहे, म्हणून मी त्याची येथे नोंद करतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण स्वतःच्या ताटातले खडे वेचल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवू नये. "आपला माणूस जज्ज झाला पाहिजे" असे आपण म्हणतो. का? तो आपल्या बाजूने निकाल देईल म्हणून? तसे असेल तर आपण छंद-अगतीची मागणी करीत आहोत. आजवर जे दुसऱ्यांनी केले तेच आपल्यासाठी मागत आहोत. मी ती मागणी करणार नाही. परंतु आसनावर ज्याने पाणवठ्याची दुसरी बाजू पाहिली आहे असा माणूस असावा, ही मागणी मी आग्रहाने करीन. त्याने आम्हांला झुकते माप द्यावे म्हणून नव्हे, तर शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला, ज्याच्या घरी पाणी नेहमी नळानेच आले, त्याला त्याने हलकेच सांगावे की, येथे एक प्रश्न विचारावयाचा राहिला आहे. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१८ पासून पुढील काही वर्षांत देशातील उच्च न्यायालयांवर ज्या नेमणुका झाल्या, त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास भरते. अशा आसनांवर मोह राहणार नाही तर काय होईल?

२०२५ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती भूषण गवई भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले बौद्ध. आपल्या वस्त्यांत त्या दिवशी पेढे वाटले गेले. त्याच न्यायमूर्तींनी १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात अनुसूचित जातींमधील पुढारलेल्यांना आरक्षणातून वगळण्याचे धोरण राज्यांनी आखावे असे मत मांडले होते, आणि त्यावर आपल्यातील अनेकांनी संताप व्यक्त केला होता. मलाही ते मत पटत नाही. परंतु आपल्यातून गेलेला माणूस आपल्याला न आवडणारे मत कारणे देऊन लिहितो, तेव्हा तो निदान छंदाने आणि भयाने चाललेला नाही, एवढे तरी आपण ओळखले पाहिजे.

निकाल विरुद्ध गेला म्हणजे न्यायाधीश वाईट, असे समजणाऱ्यांसाठी धर्मांतराच्याच बाबतीतला एक खटला सांगतो. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने तो १९६५ च्या कायदेवृत्तांत छापलेला आहे. राखीव जागेवर निवडून आलेल्या मेश्रामांनी बौद्ध धम्माचा जाहीर स्वीकार केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, धर्म स्वीकारला हे दाखविण्यास अमुक विधी झाला होता असे सिद्ध करण्याची गरज नाही; माणसाने उघडपणे जाहीर केले, तेवढे पुरे. आपल्या दीक्षेच्या दृष्टीने हे किती मोलाचे आहे! पण त्याच तर्काने ते बौद्ध ठरले, म्हणून त्या वेळच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचे उरले नाहीत, आणि त्यांची निवडणूक रद्द झाली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकर हे विदर्भातलेच. दोष त्यांच्या निकालाचा नव्हता, आदेशाच्या शब्दांचा होता. तो १९९० मध्ये संसदेने दुरुस्त केला आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. कोणत्या दारी भांडावयाचे हे ज्याला कळत नाही, त्याची शक्ती चुकीच्या उंबरठ्यावर वाया जाते.

राहता राहिले दुसरे गुण. विद्वत्ता हवी, हे सांगणे नलगे. तातडी हवी, चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लागलेली सव्वानऊ वर्षे विसरू नका. गोड वाणी हवी, कारण आपला माणूस न्यायालयात आधीच भेदरलेला असतो. धीर हवा: धम्मपदाचा एकोणिसावा वग्ग, धम्मट्ठवग्ग, घाईने निवाडा करणाऱ्याला धर्मिष्ठ म्हणावयास तयार नाही, आणि अर्थ व अनर्थ दोन्ही पारखून न्याय देणाऱ्याचा तो गौरव करतो. घरी आजच उघडून वाचा.

आपल्या हाती काय आहे, ते आता सांगतो. न्यायमूर्तीचा मोह घालविणारा दिवा बहुधा पक्षकाराच्याच पिशवीत असतो आणि तो तेथेच राहतो. त्या माऊलीच्या फिर्यादीत तरीचा, आळीचा, एस.टी.चा एक शब्दही नव्हता. लिहिणाऱ्याने तो लिहिला नाही, तिने सांगितला नाही. कारण जे रोज भोगतो ते सांगण्यासारखे असते असे आपल्याला वाटतच नाही. यापुढे फिर्याद देताना ठाणे किती लांब, वाट कोणाच्या दारावरून, वाहन कोणाचे, उशीर का झाला, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या आणि प्रत घ्या. दीक्षा घेतल्याची तारीख, स्थळ, प्रमाणपत्र आणि पूर्वीच्या जातीचा दाखला एकाच पिशवीत ठेवा. आणि अधूनमधून न्यायालयात जाऊन बसा. न्यायालये सर्वांसाठी उघडी असतात. खटला नसताना जा, मुलांना घेऊन जा. अलिबागचे जिल्हा न्यायालय दूर वाटत असेल तर महाडचे जवळ आहे, जेथे १९२७ चा तो दावा लागला होता. कोणता न्यायाधीश प्रश्न विचारतो आणि कोणता नुसते उत्तर गृहीत धरतो, हे चार दिवसांत तुमच्या शाळकरी मुलीलाही ओळखता येईल.

येत्या पौर्णिमेस याच विहारात, वंदनेनंतर, चवदार तळ्याच्या १७ मार्च १९३७ च्या निकालपत्राचे मी मराठीत वाचन करणार आहे. निकालपत्र लहान आहे, तासाभरात संपेल. ज्यांच्या घरी कोर्टाची वा पोलीस ठाण्याची काही कागदपत्रे असतील त्यांनी ती सोबत आणावी. वाचनानंतर एकेकाचे पाहून देईन.

जयभीम. नमो बुद्धाय.